विश्रांतीचा तास

सहीसाठी आलेल्या तुमच्या कार्यालयाच्या पत्रात लिहिलंय की माझ्या बायकोला मी मरणाच्या दारात नेऊन ठेवलं. अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं तुमचं आहे, आणि ते तुम्ही मुद्दाम गाळलंय. म्हणून मी लिहितो. भाषा कच्ची वाटली तर वाटू दे, मी नववी नापास आहे. पुढचं जे शिकलो ते रद्दीतून आणि दवाखान्याच्या बाकावर बसून.

नाव हणमंत लोहार. धंदा स्पीकर आणि माईकचा. उज्ज्वला माझी बायको. आमच्या तालुक्याच्या बसस्टँडवर ती एकोणीस वर्षं अनाउन्सर आहे. मध्ये तिच्या जागी कॉम्प्युटरचा आवाज बसवून बघितला होता. कॉम्प्युटर गाडीची ठरलेली वेळ सांगायचा, आणि गाडी कुठं आहे ते फलाटावरच्या माणसाला डोळ्यांनी दिसायचं. महिनाभरात लोक त्या भोंग्याला शिव्या घालायला लागले, तेव्हा हिला परत बोलावलं. ही खिडकीतून बाहेर बघून बोलायची, एवढाच फरक.

सहा वर्षांपूर्वी हिच्या घोषणेचा शेवट बिघडायला लागला. "फलाट क्रमांक चारवर" इथपर्यंत स्वच्छ, आणि गावांची नावं सुरू झाली की आवाज नाकात जायचा, मग विझायचा. मी साऊंडवाला. मी माईक बदलला. मग ॲम्प्लिफायर बदलला. बायको बदलत चालली आहे हे मला तीन महिने कळलं नाही. पुढं एकाचे दोन दिसायला लागले, डावी पापणी खाली यायला लागली, आणि एक दिवस अर्ध्या भाकरीवर तिनं जबडा हातानं धरला आणि म्हणाली, "हा चालायचा थांबलाय." आम्ही हसलो. तेव्हा हसलो.

डॉक्टरांनी मायस्थेनिया हे नाव सांगितलं. आजार काय ते मला यासीन मुजावरनं सांगितलं. रक्त गाळायच्या मशीनवर बसणारा हा तंत्रज्ञ. दुसऱ्या खेपेला मी त्याला म्हणालो, "मुजावर भाऊ, माझ्या धंद्यात सांगा."

तो म्हणाला, "माईक ठीक, स्पीकर ठीक, वायर ठीक. जॅकमध्ये चिखल."

"म्हणजे?"

"मज्जातंतू स्नायूला निरोप धाडतो तो तारेनं नाही, एका रसायनानं. स्नायूवर ते झेलायला बारीक बारीक खोबण्या असतात. वैनींच्या रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढायला असतात ती, या खोबण्यांनाच शत्रू समजलीत. त्यात जाऊन बसतात, खोबण्या निकामी करतात. पहिल्या शब्दाला रसायन भरपूर येतं, उरलेल्या खोबण्यांवर भागतं. दहाव्या शब्दाला रसायन कमी पडतं. निरोप निघतो, पोचत नाही."

"आणि विसावा घेतला की?"

"रसायन परत भरतं. म्हणून सकाळी बरी आणि दुपारी पडलेली. थंडीत बरी, उन्हात वाईट. हा आजार घड्याळ बघून वागतो, लोहार."

हे वाक्य तुमच्यापैकी एकानं तरी ऐकायला हवं होतं.

पूर्वी अशा रोग्यांचा रक्तद्रव बदलायचे. रक्त बाहेर काढायचं, लाल पेशी वेगळ्या करून परत द्यायच्या, पिवळं पाणी सगळं फेकायचं आणि बाटलीतलं दुसरं भरायचं. त्या पाण्यात वाईट होतं तसं चांगलंही होतं, सगळंच जायचं. चार वर्षांपूर्वी सापळा आला. हातभर लांबीची नळी, आत बारीक मणी, आणि प्रत्येक मण्यावर त्या खोबणीची नक्कल चिकटवलेली. पिवळं पाणी नळीतून जातं, वेडी झालेली प्रतिपिंडं नकलेला जाऊन मिठी मारतात आणि तिथंच अडकतात. बाकी सगळं शरीरात परत. तीन तासांत काम. पहिल्यांदा सापळा लावला त्या दिवशी उज्ज्वला घरी येऊन कडक ज्वारीची भाकरी आणि वर मूठभर शेंगदाणे चावून बसली. मी नुसता बघत बसलो होतो.

पण शरीर ती प्रतिपिंडं करायचं थांबवत नाही. अठरा दिवस बरे जातात, मग उतार. म्हणजे दर अठरा दिवसांनी सापळा हवा. एक सापळा एकाच माणसाचा, दुसऱ्याला चालत नाही. जिल्ह्याला महिन्याला चाळीस सापळे येतात आणि आजारी माणसं एकशेतीस. कोणाला द्यायचा हे कोणीतरी ठरवायला पाहिजे, हे मलाही समजतं. मी भांडतोय ते यावर नाही.

रक्ताच्या तपासणीवर ते ठरवता येत नाही. एकाची पातळी आभाळाला लागली तरी तो सायकल मारतो, दुसऱ्याची इवलीशी असून घोट गिळता येत नाही. म्हणून तुम्ही कॅमेरा बसवला. खुर्चीत बसायचं, वरच्या ठिपक्याकडे दोन मिनिटं बघायचं, पन्नासपर्यंत मोठ्यानं आकडे म्हणायचे, हसून दाखवायचं, हात पुढं धरायचे. मशीन पापणी मोजतं, आवाज मोजतं, शंभरातला आकडा देतं. साठच्या वर गेलात तर सापळा, खाली राहिलात तर घरी. तपासणी सकाळी साडेआठला, एसीच्या खोलीत. घड्याळ बघून वागणाऱ्या आजाराला तुम्ही त्याच्या सगळ्यात चांगल्या वेळेला, थंडगार खोलीत, खुर्ची देऊन भेटलात.

पहिल्या खेपेला हिचा आकडा एकतीस आला. दुपारी परतीच्या गाडीत हिची मान माझ्या खांद्यावर पडली ती उचलेना. मी हनुवटी धरून बसलो. कंडक्टर ओळखीचा. म्हणाला, "वैनी झोपल्या का?"

"नाही," मी म्हणालो. "बऱ्या झाल्यात. कागद आहे माझ्याजवळ."

मग आम्हाला व्हरांड्यानं शिकवलं. तपासणीच्या दिवशी केंद्राच्या व्हरांड्यात सात वाजल्यापासून माणसं दमायला बसायची. खोटं दुखणं आणायला नाही. जे दुखणं दुपारी चारला असतं ते साडेआठला दिसावं म्हणून. कॉलेजची एक पोरगी फुटाण्यांची पुडी घेऊन जबडा थांबेपर्यंत चावायची. कांबळे गुरुजी, सत्तरीचे, रिटायर हेडमास्तर, पावकी, निमकी, दिडकी खड्या आवाजात म्हणायचे, आणि दिडकीच्या मध्यावर शब्द गळायला लागले की समाधानानं मान हलवायचे. "आलो वर्गात," म्हणायचे.

आम्हाला विचारलं, तुम्ही काय करणार. उज्ज्वलाला पाढे येत नाहीत. गुरुजी म्हणाले, "लग्नाला किती वर्षं झाली?"

"बावीस."

"मग भांडा की. साहित्य घरचं आहे."

तर आम्ही भांडायचो. व्हरांड्यात, सगळ्यांसमोर, चांगलं पाऊण तास. एरवी ती मला अहो म्हणते, भांडणात हणमंतराव.

"हणमंतराव, तुमच्या मामानं आमच्या मांडवात काय केलं ते सांगू का यांना?"

"माझ्या मामाला मध्ये आणू नको."

"आणणार. पंगत उठायच्या आधी जिलेबीची परात उचलून टेम्पोत ठेवली माणसानं."

"त्याला शुगर होती, त्याला खायची नव्हती. तो पोरांसाठी नेत होता."

"सव्वाशे पोरं होती का त्याला?"

बाक हसायचे. हिचा चेहरा हळूहळू उतरायचा, डावी पापणी मिटायची, शब्द नाकात शिरायचे. आकडा अडुसष्ट. सापळा मिळायचा.

पण भांडण हे असं यंत्र आहे की ते खोटं फार दिवस चालत नाही. चौथ्या का पाचव्या खेपेला मामा संपला, सासू संपली, माझं घोरणं संपलं. हिनं मध्येच थांबून श्वास घेतला आणि म्हणाली, "आबा गेले तेव्हा तुम्ही कुठं होता?"

आबा म्हणजे तिचे वडील. ते गेले त्या दिवशी मी एका सभेचा साऊंड करत होतो. निरोप आला होता. सभा संपेपर्यंत मी निघालो नाही. पोचलो तेव्हा फक्त राख सावडायची बाकी होती. अकरा वर्षांत तिनं हे एकदाही काढलं नव्हतं.

मी म्हणालो, "सांगितलं होतं ना तेव्हा, माणूस नव्हता दुसरा."

"बटण दाबायला?"

कोणी हसलं नाही. आकडा चौऱ्याहत्तर आला. संध्याकाळी घरी, सापळा लावून आवाज सुधारल्यावर, मी विचारलं, "ते तपासणीसाठी होतं ना?"

"हो," ती म्हणाली. जरा वेळानं म्हणाली, "भात लावू का?"

तेव्हापासून दर अठरा दिवसांनी आम्ही एकमेकांचं काहीतरी उकरून ती खुर्ची मिळवत होतो. सापळा रक्तातलं वाईट तेवढं उचलतो. घरात बोललं गेलेलं तसंच राहतं, त्याला मशीन नाही. मुजावरला एकदा म्हणालो तर तो म्हणाला, "आणा, नळी मोठी लागेल."

मग तुम्हाला व्हरांडा कळला, आणि तुम्ही नियम काढलात. प्रमाणित विश्रांती. तपासणी नऊला, आणि त्याआधी एक तास रोग्यानं थंड हॉलमध्ये खाटेवर पडून राहायचं, म्हणजे सगळे सारख्या अवस्थेत तपासले जातील. नातेवाईक, पिशव्या, फोन, औषधं बाहेर. गादीखाली पट्टी, वर कॅमेरा. रोगी स्वस्थ असला की खाटेवर हिरवा दिवा. उठला की लाल, आणि तास पहिल्यापासून. आजार लपवायला याहून चांगली खोली मलाही बांधता आली नसती.

त्या नियमाखाली पहिल्याच वेळी हिचा आकडा बावन्न आला. सापळा हुकला. अठराचे छत्तीस दिवस झाले. पाणी पिताना नाकातून यायला लागलं. स्टँडवर साहेबांनी सांगितलं की अजून एक महिना बघतो, पुढं इलाज नाही. आणि मार्चमधली ती तपासणी आली.

त्या दिवशी पहाटे मी म्हणालो, "आज गोळी घेऊ नको."

ती गोळी म्हणजे दोन सापळ्यांच्या मधला आधार, रसायन लवकर विरू देत नाही. सकाळी सहाला घ्यायची असते. उज्ज्वलानं गोळी मुठीत धरून ठेवली.

"आणि काही अडकलं तर?"

"माझ्या खिशात आहे. तपासणी झाली की लगेच देतो."

"तुमच्या खिशाला बटण नाही."

"हात ठेवतो वर."

तिनं गोळी माझ्या हातात ठेवली. हे माझं. हे तुमच्या पत्रात आहे आणि ते खरं आहे.

गाडीत तिनं जिल्ह्यापर्यंत प्रत्येक थांबा पुकारला. बसल्या जागेवरून, पूर्ण अनाउन्सिंग, थांबणाऱ्या गावांसह. लोक आधी वळून बघायला लागले, मग हसायला, आणि एका म्हाताऱ्यानं तिला विचारून आपलं उतरायचं गाव नक्की करून घेतलं. शेवटच्या दोन थांब्यांना नुसते ओठ हलले. केंद्रावर उताराचा रस्ता सोडून आम्ही जिना चढलो. आठ वाजता ती हॉलमध्ये गेली. खाट पाच. सहावर कांबळे गुरुजी, तेही व्हरांड्यात पाढे संपवून आलेले. मी काचेबाहेर.

नऊला तास संपायला हवा होता. तुमचा सर्व्हर बंद पडला. सगळ्यांना पडून राहायला सांगितलं. सव्वानऊ. साडेनऊ.

मी या बाईला बावीस वर्षं झोपलेली बघतोय. ती डाव्या कुशीवर झोपते, तोंड मिटून. ती उताणी होती. तोंड थोडं उघडं, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळ्यापर्यंत आलेली. चेहऱ्यावर एक आठी नाही. आठी पाडायलाही स्नायू लागतो. श्वास घ्यायला लागतो तो स्नायूच, हे मला माहीत होतं. आणि खाटेवर हिरवा दिवा. तुमच्या कॅमेऱ्याच्या मते त्या हॉलमध्ये तिच्याइतकं स्वस्थ कोणी नव्हतं.

मी दारावरच्या बाईंना म्हणालो, "पाच नंबर बघा जरा, बरी दिसत नाही."

त्या बाई रात्रपाळी करून तशाच उभ्या होत्या. त्यांनी पडद्याकडे बघितलं. "दिवा हिरवा आहे. मी आत जाऊन हलवलं तर लाल होणार, तास पहिल्यापासून. हलवू का, तुम्ही सांगा."

मी म्हणालो, "थांबा जरा."

तुमच्याच चित्रफितीत वेळ आहे. नऊ एकेचाळीस ते नऊ बावन्न. अकरा मिनिटं मी काचेबाहेर उभा होतो, खिशावर हात, खिशात गोळी. छत्तीस दिवस डोळ्यांपुढं होते, आणि तो तास वाया जाऊ नये असं मला वाटत होतं. माझी बायको गुदमरत होती आणि मी तिचा आकडा राखत होतो. तुम्ही मला हे शिकवलंत असं मी म्हणत नाही. पण मी हे आधी करणारा माणूस नव्हतो.

गुरुजी उठले. शेजारच्या खाटेवरून त्यांना तिच्या घशातली घरघर ऐकू आली होती. त्यांच्या खाटेचा दिवा लाल झाला, भोंग्यातून आवाज आला, "खाट क्रमांक सहा, विश्रांती भंग." त्यांना ओरडायचं होतं. आवाज पाढ्यांत गेला होता. ते भिंत धरून काचेपर्यंत आले आणि दोन्ही तळवे काचेवर आपटत राहिले, माझ्या तोंडासमोर. तेव्हा दार उघडलं. मुजावर आतल्या बाजूनं धावत आला, त्यानं फुग्यानं श्वास द्यायला सुरुवात केली आणि मान न वळवता मला म्हणाला, "गोळी दिली होती का?"

मी म्हणालो, "नाही."

तो फुगा दाबत राहिला. आजही त्यावर बोललेला नाही.

नऊ दिवस व्हेंटिलेटर. दुसऱ्या दिवशी तुमचा माणूस आयसीयूत कॅमेरा घेऊन आला. घशात नळी असलेल्या बाईचा आकडा काढला. अठ्ठ्याण्णव. सापळा लगेच लागला. तिच्या जिवावर बेतल्यावर का होईना, ती तुमच्या मशीनला पटली. त्या सापळ्याचे अठरा दिवस या शुक्रवारी भरतात.

गेल्या आठवड्यात तुमच्या कार्यालयाचे एक जण तुमचं हे पत्र, सही करायचा कागद, घेऊन वॉर्डात आले. त्यात तीन गोष्टी. एक, मी रोग्याची गोळी रोखली. दोन, हॉलमधली यंत्रणा बिनचूक होती. तीन, खाट सहाच्या रोग्यानं विश्रांती मोडून गोंधळ घातला आणि इतरांनाही दमून येण्यास फूस दिली. मी सही केली तर शुक्रवारचा सापळा विशेष बाब म्हणून मंजूर. नाही केली तर प्रकरण चौकशीत, नव्वद दिवस, तोवर सापळा नाही.

"सही करा लोहार," ते म्हणाले. "वैनींचं बघा."

"गुरुजींचं काय होईल?"

"वर्षभर यादीतून बाहेर. गुरुजींचं गुरुजी बघतील."

पेन मी घेतलं होतं. खोटं सांगत नाही, टोपणही काढलं होतं. सही करायची जागा दिसत होती. मग म्हणालो, उद्या देतो, आणि कागद घेऊन उज्ज्वलाकडे गेलो.

तिला आता एका दमात आठ-दहा शब्द येतात. तिनं बोटानं डावी पापणी वर धरली आणि कागद वाचला. वाचून झाल्यावर बोट काढलं, डोळा मिटला.

"पहिलं राहू दे," ती म्हणाली. "ते खरं आहे."

"हो."

"बाकी दोन काढा."

"काढली तर शुक्रवार जाईल."

ती गप्प राहिली. रुसून नाही. रसायन भरायची वाट बघत होती, ते मला आता ओळखता येतं. दोन-तीन मिनिटांनी म्हणाली, "गुरुजी उठले नसते तर?"

मी स्टुलावर बसून होतो. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, वर पंख्याकडे बघत होती.

"जाणार का खरंच?" ती म्हणाली. "विचारलं का त्यांना?"

"कोणाला?"

"ज्यांचा कागद आहे." इथं आवाज नाकात गेला. "आपणच धरून चाललो. विचारा."

त्यानंतर ती बोलली नाही, बोलू शकली नाही.

तर मी विचारतोय. कागद सोबत जोडला आहे. पहिल्या मुद्द्याखाली माझी सही आहे, त्याची जी शिक्षा असेल ती माझी. दुसरा आणि तिसरा मुद्दा खोडला आहे, कारण तुमची यंत्रणा आंधळी होती आणि कांबळे गुरुजींनी एक जीव वाचवला. गुरुजींचा स्वतःचा सापळा त्या दिवशी गेला तो गेलाच. ते आता द्रव पदार्थांवर आहेत आणि मला निरोप पाठवतात की पोरीला सांभाळ.

आता छत्तीस दिवस काढायची ताकद हिच्यात उरलेली नाही. शुक्रवार चुकला तर बाविसाव्या दिवसापासून हिला गिळता येणार नाही, आणि पुढच्या आठवड्यात परत नळी. हे मुजावरनं मला सांगितलं आणि तुमच्याही वहीत लिहून ठेवलंय. तुमचे नव्वद दिवस हिच्या रक्ताला माहीत नाहीत.

मला भेट नको, चौकशी समिती नको, सहानुभूती तर मुळीच नको. मी दमलोय आणि ती माझ्याहून दमली आहे. आज सोमवार आहे. खोडलेल्या कागदावर, जसा आहे तसा, येत्या शुक्रवारी उज्ज्वला हणमंत लोहार हिला सापळा लावणार की नाही? हो किंवा नाही, एवढंच लिहा, आणि ज्यानं लिहिलं त्यानं खाली स्वतःचं नाव लिहा.